बिटर एंड

मंगळवार, रात्री साडेअकरा

दिवसभरात अनुवादाची जेमतेम चार पानं झाली. नडलं एकच वाक्य : संपकरी कामगार ‘टू द बिटर एंड’ लढले. सकाळी घाईत ‘कडवट शेवटापर्यंत’ लिहून टाकलं. चहा घेऊन परत वाचलं तर कारल्याच्या भाजीबद्दल लिहिल्यासारखं वाटलं. खोडलं.

मग मामाला फोन केला. त्याचं अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलंय. तो हसलाच. “अगं, कडू कशाला असेल? नांगराच्या साखळीचं आतलं टोक ते. चेन लॉकरमध्ये असतं.”

शिडाच्या जहाजांवर डेकवर दोन भक्कम खुंट असत, त्यांना म्हणायचे बिट्स. नांगराचा दोर त्यांना वेढे देऊन सोडायचा. जे टोक खुंटांच्या अलीकडे, जहाजातच राहतं, ते बिटर एंड. कॅप्टन जॉन स्मिथने (अमेरिकेत व्हर्जिनियातली जेम्सटाउन ही इंग्रज वसाहत वसवणाऱ्यांतला तोच) १६२७च्या ‘सी ग्रामर’ या जहाजविद्येच्या पुस्तकात हे नोंदवून ठेवलंय. ते टोक आलं की सोडायला दोर उरलेला नसतो. कडवटपणा मागाहून चिकटला असावा. १६११च्या इंग्रजी बायबलात, नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात, परस्त्रीचा शेवट दवण्यासारखा कडू म्हटलाय, त्याचीही सावली यात पडली असेल असं कोशकार म्हणतात.

मामा मात्र साखळीतच रमला. अमेरिकी नौदलात म्हणे शेवटचा नव्वद फुटांचा तुकडा आख्खा लाल रंगवतात आणि त्याच्या आधीचा पिवळा. ब्रेक सुटून साखळी धडधडत निघाली आणि पिवळं दिसलं, की जवळ थांबायचं नाही. “गंजाचा धुरळा उडतो नुसता. लाल दिसेपर्यंत तू तिथे नसलेलीच बरी.” शेवटची कडी जहाजाला खिळीने अडकवलेली असते. वेळ आलीच तर ती काढून नांगरासकट साखळी समुद्राला द्यायची.

फोन ठेवल्यावर ‘तडीस नेणे’ आठवलं. तड म्हणजे काठ, किनारा. म्हणजे आपलं काम संपतं ते पैलतीराला लागून, आणि इंग्रजांचं संपतं भर पाण्यात, हातातला दोर सरल्यावर. कामगारांनी लढा ‘तडीस नेला’ लिहावं, तर ते जिंकले असं वाटेल. ते तर हरलेत, पुढच्याच पानावर. ‘शेवटचा दोर सुटेपर्यंत’ही लिहून पाहिलं. पण लढाईशेजारी दोर आला की मराठी वाचक थेट कोंढाण्यावर पोहोचतो, आणि तिथले तर कापलेलेच!

शेवटी ‘अखेरपर्यंत’ लिहून फाइल पाठवली. बरोबर आहे, पण फिकं आहे. तो लाल तुकडा काही त्यात बसला नाही.