मुचा मिएर्दा, आणि आईची मेथी

परवा क्लायंटचा फोन आला, आवाज चढलेला, म्हणे तुम्ही सबटायटलमध्ये शिवी घातलीय. झालं असं की एक मुलगी पहिल्यांदा स्टेजवर चाललीये, विंगेत मैत्रीण तिला म्हणते 'ब्रेक अ लेग', शब्दशः पाय मोड, पण इंग्रजी नाटकवाल्यांच्या तोंडी ती शुभेच्छा, आणि मी स्पॅनिशमध्ये लिहिलं 'मुचा मिएर्दा'. म्हणजे भरपूर... जाऊ दे, आपण लीद म्हणू. स्पेनमधले नाटकवाले एकमेकांना खरंच हेच म्हणतात हो. पूर्वी लोक घोडागाड्यांतून यायचे, दाराशी लीद जितकी जास्त तितकं बुकिंग जोरात, असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. पण क्लायंटने ते भाषांतराच्या मशीनमध्ये टाकून बघितलेलं, मशीनने सरळ शिवी दाखवली, विषय संपला.

आता शिवाजी मंदिरच्या विंगेत तिसऱ्या घंटेच्या आधी कुणी कुणाला 'पाय मोड' म्हणालं तर? नटराजासमोर नारळ फोडणारी माणसं आपण, ज्याने म्हटलं त्याचंच डोकं फोडू.

मला विचाराल तर या कामात डिक्शनरी अर्धंच काम करते. मी इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये जाताना मध्ये गुपचूप मराठीत एक चक्कर मारून येते, आपल्याकडे हे कोण म्हणेल, कधी म्हणेल, ते एकदा कानात वाजलं की पुढचं सुचतं. 'स्पीक ऑफ द डेव्हिल'वर अशीच अडकले होते, आई शेजारी मेथी निवडत शेजारच्या काकूंबद्दल काहीतरी सांगत होती, तेवढ्यात बेल, दारात काकूच! आई एक सेकंद न थांबता, "शंभर वर्षं आयुष्य आहे हो तुम्हाला!" बघा ना, इंग्रजाला सैतान आठवतो, आपण शंभर वर्षं देऊन मोकळे, आणि स्पॅनिशमध्ये येतो रोमचा राजा, 'आब्लांदो देल रेय दे रोमा'. पुढे 'पोर ला पुएर्ता आसोमा' आहे, म्हणजे तो बघा दारातून डोकावतोय, रोमा-आसोमा यमक, पण बरेचदा पहिला अर्धाच म्हणतात, आपण नाही का नुसतं 'नाचता येईना...' म्हणून सोडून देत, अंगण समोरच्याने समजून घ्यायचं. मीही अर्धाच ठेवला, दारात उभा माणूस तर स्क्रीनवर दिसतच होता.

चित्र दिसतं हीच खरी गोची असते. एका सीनमध्ये पोराच्या हातात दगड आणि तोंडी 'टू बर्ड्स विथ वन स्टोन'. आपल्याकडे एका दगडात दोन पक्षी, सोप्पं. स्पॅनिशमध्ये 'दे उन तीरो', बहुतेकांच्या डोळ्यासमोर बंदूकच येणार, मी अर्धा तास डोकं धरून बसले. मग आठवलं, तीरो म्हणजे गोळी तसा फेकलेला नेमही, दगडाच्या टप्प्यावर असलेल्या जागेला 'आ तीरो दे पिएद्रा' म्हणतातच की. सुटले एकदाची.

आणि जागा! 'व्हेन पिग्ज फ्लाय', स्पेसेस धरून १३ अक्षरं. त्याचं स्पॅनिश, बेडकांना केस येतील तेव्हा, रोमन लिपीत २७. बाई दीड सेकंदात बोलून मोकळी होते, वाचणाऱ्याने कधी वाचायचं? तिथे सरळ 'नुंका' लिहिलं, कधीच नाही. बेडूक गेले, वाईट वाटलं.

पावसाचं मात्र काही वाटत नाही, तिकडे तो घड्यांनी ओततो, 'आ कांतारोस', आपल्याकडे मुसळधार, आणि मुसळाचा विचार २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर कोसळला तेव्हासुद्धा कुणी केला नसेल.

तर ते मिएर्दा. मी समजावलं, लिंक पाठवल्या, नाटकवाले 'सुएर्ते' म्हणजे गुडलक म्हणणं अपशकुन मानतात हेही सांगितलं. क्लायंट म्हणाला, मॅडम, सुएर्तेच टाका, सेफ आहे. टाकलं. पुढच्याच सीनमध्ये ती मुलगी स्टेजवर जाऊन डायलॉग विसरते.