बार्सिलोनात मुक्काम शोधताना जिन्यांनी आणलेला वैताग

व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, आणि राहायचं कुठे यावर घोडं अडलं. सोबत आई-बाबा. बाबांचे गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे 'सगळं चालत पाच मिनिटांवर' असल्या जाहिराती माझ्या काही कामाच्या नव्हत्या.

गोथिक क्वार्टर, म्हणजे जुनं शहर, फोटोत सगळ्यात देखणं. पण बोळ इतके अरुंद की टॅक्सी दारापर्यंत येईल याची खात्री नाही. ला राम्बला हा रस्ता रात्री उशिरापर्यंत गजबजलेला, वर खिसेकापूंसाठी प्रसिद्ध. समुद्राकाठच्या बार्सेलोनेतातली घरं इवलीशी. उरला एशाम्प्ला. नगररचनाकार सेर्दाच्या 1859च्या आराखड्यातून उभा राहिलेला हा भाग सरळसोट रस्त्यांचा, चौकाचौकात इमारतींचे कोपरे तिरके छाटलेले. ठरलं.

पण इथेच एका घरमालकाने डोकं फिरवलं. विचारलं, लिफ्ट आहे का? उत्तर: "दुसराच मजला आहे." पुन्हा विचारलं, तर "उजेड छान येतो." मग शोधाशोध केल्यावर कळलं की तिथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत तळमजल्यावर एन्त्रेसोल नावाचा एक मधला मजला, त्यावर प्रिन्सिपाल म्हणजे मुख्य मजला, आणि पहिला मजला त्याच्याही वर. म्हणजे हा दुसरा आपल्या हिशेबाने चौथा! प्रिन्सिपालमध्ये पूर्वी खुद्द मालक राहायचे. लिफ्ट नव्हत्या तेव्हा कमी पायऱ्या स्वतःला आणि जास्त भाडेकरूंना. परंपरा टिकून आहे म्हणायची.

शेवटी ज्या बाईंनी न मागता लिफ्टचा फोटो पाठवला, त्यांचं घर घेतलं. लाकडी दारांची जुनी लिफ्ट, आत चक्क बसायला बाकडं. बाबा रोज त्यावर बसूनच वर गेले. खोली मात्र आतल्या चौकाच्या बाजूची मागा, रस्त्याकडे रात्रभर स्कूटर.

सग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट वेळेनुसार असतं, ऑनलाइन आधीच काढा. दुपार कलल्यानंतरची वेळ घ्या, पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी उजेड आत उतरतो. मनोऱ्यांचं तिकीट आम्ही घेतलंच नाही: वर लिफ्टने नेतात, खाली मात्र गोल जिन्याने उतरवतात. पार्क ग्वेल टेकडीवर आहे. मेट्रोने गेलात तर पुढे चढण आहे, त्यापेक्षा प्लासा कातालुन्या या चौकातून 24 नंबरची बस बरी.

आई शाकाहारी. तिला एस्कालिवादा, म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरच्या, फार आवडलं, "फोडणी राहिली" एवढीच तक्रार. आणि दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा, रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात.