बोरन्हाणाचा व्हिडिओ

संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणांचा हंगाम, आणि माझ्या कामाचाही. एरवी प्रत्येकाचं बाळ आपापल्या घरी असतं. बोरन्हाणाला नात्यातली, शेजारची सगळी पिल्लं एकाच सतरंजीवर येतात आणि हळदीकुंकू लावता लावता आयांची मोजणी सुरू होते. कोण रांगतंय, कोण धरून उभं राहतंय, कोणाला किती दात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजतो.

मी इंदूरमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपी करते. रथसप्तमीच्या दुसऱ्याच दिवशी रामबागेतून एक आजी, त्यांची धाकटी सून आणि चौदा महिन्यांचा नातू आले. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती: रांगत नाही, चालत नाही, बाकी ठीक. सुनेचे डोळे सुजलेले. रात्रभर मोबाईलवर वाचत बसली असणार. आजींचा सूर वेगळा.

"उगाच टेन्शन घेऊन राहिली ही. मी म्हटलं, होईल आपापल्या वेळेने. पण ऐकेल तर ना!"

तक्रारीचा खरा भाग सुनेने आवाज खाली आणून सांगितला. थोरल्या जावेचा मुलगा याच्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान, आणि तो घरभर सरपटत फिरतो.

बाळाला मॅटवर बसवलं आणि स्टीलची वाटी जरा लांब ठेवली. त्याने वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं, एक हात जमिनीला टेकवला, टाचा रोवल्या आणि बसल्या बसल्याच, वल्हं मारल्यासारखा, ढुंगणावर सरकत वाटीपाशी पोचला. वाटी उचलून दोनदा जमिनीवर आपटली. मग मी त्याला काखेत धरून उभं करायला गेले, तर पाय टेकवायचे सोडून त्याने दोन्ही पाय समोर उचलून धरले. अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे. ढुंगणावर सरकणाऱ्या मुलांचं हे ठरलेलं. खुबे मोकळे उघडतात का, मांड्यांच्या वळ्या सारख्या आहेत का, अंग फार कडक किंवा फार ढिलं नाही ना, दोन्ही हात सारखे चालतात का, सगळं बघून घेतलं. छान होतं.

"घरात आणखी कोण असं सरकायचं का हो?"

आजी हसायलाच लागल्या. "अहो, याचा बापच! आमची फरशी पुसून निघायची. चड्ड्या मागून विरून जायच्या सगळ्या. दोन वर्षांचा होत आला तेव्हा कुठे उठला."

"आई, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही!"

"तू कधी विचारलंस?"

माझ्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 सालचा तक्ता आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांना महिनोन् महिने बघून केलेला. आपल्याकडची मुलं त्यात दिल्लीची. हातागुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने, आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिने. तक्त्यातले पट्टे किती रुंद आहेत ते बोटाने दाखवलं की बहुतेक आया सैल होतात. ही झाली नाही. तिचं बोट 13.5 वर जाऊन थांबलं. मग सांगितलं की त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तर 2022 मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. (मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. का, ते पुढे येईलच.) सरकणारी मुलं चालायला उशीरच लावतात, तरी दीड वर्षाला पाऊल पडलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं, एवढं लक्षात ठेवा म्हटलं. पहिल्या वाढदिवसाला आलेला वॉकर माळ्यावर टाकायला सांगितला. त्याने चालणं लवकर येत नाही, मूल पायऱ्यांवरून पडतं मात्र लवकर. कॅनडात 2004 पासून तो विकायलाही बंदी आहे. "पांगुळगाडा चालेल का मग?" आजींनी विचारलं. उभं राहायला लागला की खुशाल द्या, म्हटलं. तो मुलाने ढकलायचा असतो, त्यात बसायचं नसतं.

पंचवीस मिनिटांत काम झालं होतं. उठता उठता सुनेने फोन पुढे केला. "मॅडम, एकदा कालचं बोरन्हाण बघा, म्हणजे तुम्हाला दोघांतला फरक कळेल."

असे व्हिडिओ मी बघते. क्लिनिकमध्ये मूल परक्या बाईसमोर असतं, व्हिडिओत घरी असतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, रेवड्या आणि परमल, म्हणजे तुमचे मुरमुरे. (एवढ्याशा मुलांच्या आसपास बोरं आणि हरभरे उधळताना माझा जीव वर-खाली होतो, घशात अडकायला एक पुरतं. पण बोरन्हाणात हे बोलणारी बाई कोणाला आवडत नाही.) मोठी मुलं तुटून पडली. आमचा पेशंट पाटावर शांत बसलेला. आणि कोपऱ्यातून नऊ महिन्यांचा तो चुलतभाऊ पोटावर सरपटत सुसाट आला. मागे कोणीतरी म्हणालं, "बघा, कसा झपाट्याने येतो!"

तो डाव्या कोपरावर अंग ओढत होता. उजवा हात छातीखाली दुमडलेला, मूठ बंद. एक बोर घरंगळत त्याच्या उजव्या बाजूला, अगदी मुठीजवळ येऊन थांबलं. त्याने अख्खं अंग वळवलं, डावा हात पलीकडे नेला आणि बोर उचललं.

मी व्हिडिओ मागे नेला. परत बघितला. तिसऱ्यांदा बघताना आजी म्हणाल्या, "आहे ना चपळ? डावखुरा आहे. मामावर गेलाय."

नऊ महिन्यांचं मूल डावखुरंही नसतं आणि उजवंही. हाताची आवड ठरायला दोनेक वर्षं तरी जातात. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल, तर पहिला प्रश्न दुसऱ्या हाताला काय झालंय हा असतो. रांगणं यादीत हवं असं मला वाटतं ते म्हणूनच: रांगताना हे दिसतं.

इथे एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका आईला मीही "आपापल्या वेळेने होईल" म्हणून परत पाठवलं होतं. मुलगी सहा महिन्यांची होती, मी पाय बघितले, मान बघितली, हात नीट बघितले नाहीत. ती परत आली तेव्हा दीड वर्षाची होती. त्यानंतर मी आधी हात बघते.

पण हे बाळ माझं पेशंट नव्हतं. त्याची आई समोर नव्हती. समोर होती ती तिची जाऊ, जिला कालपासून या मुलावरून टोमणे बसत होते, आणि तिच्यासमोर मी म्हणणार की खोट तुझ्या मुलात नाही, त्याच्यात आहे? ही बातमी संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात कोणत्या आवाजात पोचली असती ते मला दिसत होतं. मी गप्प बसले तर महिने जाणार होते. शेवटी म्हटलं, "शुक्रवारी दोन्ही भावांना घेऊन या. त्याच्या आईलाही. दोघं एकत्र कसे खेळतात ते बघायचंय." अर्धं खोटं. धाकट्या सुनेने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि काही न विचारता हो म्हणाली.

शुक्रवारी आले. थोरलीच्या चेहऱ्यावर आपण पाहुणे म्हणून आलो आहोत असा भाव होता. मी बाळाच्या हातात एक कडं दिलं, डाव्याने घेतलं. दुसरं पुढे केलं. या वयाचं मूल दुसऱ्या हाताने ते घेतं. याने पहिलं टाकून दिलं आणि डाव्यानेच दुसरं घेतलं. उजवीकडून दिलं, तरी डावा. डावा हात हलकेच धरून ठेवला, तर तोंड पुढे आणलं. मग पोटाला धरून आडवा उचलला आणि झपकन मॅटकडे झुकवला. पडतोय असं वाटलं की मूल दोन्ही हात पुढे टाकतं. डावा हात पंजा पसरून बाहेर आला. उजवा कोपरात वाकलेलाच, अंगठा मुठीच्या आत.

"झबलं घालताना उजवी बाही चढवायला त्रास होतो का?" मी विचारलं.

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "रोज. मूठ सोडतच नाही. मी दुकानदाराशी भांडले, बाही तंग शिवलीय म्हणून."

मी सरळ सांगितलं. नाव दिलं नाही, ते देणं माझं काम नाही. उजवी बाजू कमी चालते आहे, कारण शोधायला मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा, आणि निदानाची वाट न बघता सोमवारपासून माझ्याकडे या. ती रडली नाही. "पण तो तर सगळ्यांच्या आधी…" एवढं म्हणून थांबली. बाळाला उचलून घेतलं ते धाकटीने.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुना व्रण निघाला. जन्माच्या आगेमागे कधीतरी त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. बाळंतपण सुरळीत, वजन चांगलं, बाळ लगेच रडलेलं. असं होतं. कोणाची चूक नसते, पण हे त्या घरात मला चार वेळा सांगावं लागलं, त्यातलं एकदा फोनवर, मामाला.

मग रोजची कसरत. चांगल्या हातावर मऊ पिशवी चढवायची, थोडा वेळ, खेळता खेळता, म्हणजे उजव्याला कामाला लागावंच लागतं. पहिली पिशवी आजींनी जुन्या कुंचीची शिवली, वर बटणांचे डोळे लावले. बाळाने पहिले पंधरा दिवस ते डोळे चावण्यात घालवले. आजींनी देवघरातला रांगता बाळकृष्ण आणून मला दाखवला: "मॅडम, याचा पण एकच हात टेकलेला आहे." मी म्हटलं, दुसऱ्यात लोणी आहे ना आजी, मूठ रिकामी नाही. त्यांना ते फार आवडलं, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

पुढच्या संक्रांतीला धाकटीने पुन्हा व्हिडिओ पाठवला. लहान्या, म्हणजे थोरलीचा, सतराव्या महिन्यात चालायला लागला होता, उजव्या पायात स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, घालून. व्हिडिओत तो मांडी ठोकून बसलाय, वाटी उजव्या हाताने अंगाशी दाबून धरलीय आणि डाव्याने परमल भरतोय. वाटी कलते, सांडते, तो परत धरतो. मी तेवढाच तुकडा कितीदा तरी बघितला.

आणि आमचा सरकणारा एकोणीस महिने पूर्ण झाले तेव्हा एका दुपारी उठून चालू लागला होता. बोरं पडली तसा तोही धावला, दोन पावलं टाकली, मोठ्या मुलांची गर्दी बघितली, खाली बसला, आणि टाचा रोवून सगळ्यांच्या पायांमधून ढुंगणावर सरकत पुढे निघाला. मागून आजी ओरडताहेत, "अरे, नवी चड्डी आहे!"