घरघर

पुण्याचा रेस सीझन म्हणजे पाऊस आणि चिखल. त्या पहाटे एका तीन वर्षांच्या फिलीवरून, म्हणजे तरुण घोडीवरून, उतरता उतरताच रायडर म्हणाला, "डॉक्टर, शेवटच्या दोन फर्लांगांत हिचा भाता वाजतोय."

फिली शांत उभी राहावी म्हणून सईसाने तिच्या ओठाला ट्विच, म्हणजे दोरीचा चिमटा, लावला, मी उजव्या नाकपुडीतून स्कोपची कॅमेरा लावलेली नळी सरकवली. पडद्यावर स्वरयंत्र आलं. उजवी बाजू दर श्वासाला नीट उघडत होती, डावी नुसती लोंबत होती. ती बाजू उघडणारी डावीकडची नस छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा गळ्याशी चढते. एवढ्या लांब नसेचं टोक आधी मरतं. अशा, धावताना घरघरणाऱ्या घोड्याला आम्ही रोअरर म्हणतो.

मालक सत्तरीचे, पेन्शनीतले पैसे घालून भागीदारीत फिली घेतलेले. "म्हणजे फुकट गेली म्हणा ना!"

खरं तर सल्ला देऊन गप्प बसायचं. पण त्यांचा चेहरा बघून मी त्यांना पोकाहाँटसची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधली घोडी, जन्म १८३७चा. पणजी एलिनॉर १८०१ साली डर्बी ही तिथली मानाची शर्यत जिंकणारी पहिली मादी, दुसऱ्याच दिवशी ओक्स ही फिलींची शर्यतही मारलेली! आणि ही पणती रोअरर. आयुष्यात एक रेस जिंकली नाही.

"मग?"

मग १८४९, ५० आणि ५१. लागोपाठ तीन वर्षं तीन शिंगरं: स्टॉकवेल, रॅटाप्लॅन, किंग टॉम. स्टॉकवेलने १८५२ला टू थाउजंड गिनीज आणि सेंट लेजर या मोठ्या शर्यती जिंकल्या, पुढे सात वेळा इंग्लंडचा अव्वल स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, ठरला. १८६६च्या डर्बीत पहिले तिन्ही घोडे त्याचीच पोरं. आजच्या जवळजवळ प्रत्येक थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्याच्या, वंशावळीत तो कुठेतरी आहेच, या फिलीच्याही. किंग टॉमही अव्वल स्टॅलियन झाला.

काका ऐकत होते. मला वाटलं, बरं वाटलं असेल. तेवढ्यात म्हणाले, "डॉक्टर, हा दोष पोरांत उतरतो का?"

पंचाईत झाली. उतरू शकतो, घराण्यात चालतो. आणि न जिंकलेल्या हजारो घोड्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, पोकाहाँटसचं आठवतं. तेवढ्यावर कुणाला घोडी पाळायला लावायचं? मग मी सगळं स्पष्ट सांगितलं: लोंबणारी बाजू टाक्याने ओढून उघडी ठेवायचं टाय-बॅकचं ऑपरेशन, त्याचा खर्च, नंतर चारा श्वासनलिकेत जायचा धोका. शर्यतीत परत येईल याची हमी नाही, हेही.

त्यांनी ऑपरेशनची तारीख विचारली. मग फिलीच्या कपाळावरचा ओला चिखल बोटाने खरवडत, "ती इंग्लंडची जगली किती?"

"तेहतीस वर्षं."

"बाप रे," काका म्हणाले, "म्हणजे कडब्याचा हिशेब आत्ताच लावायला हवा."