मार्चमधला स्वेटर

सोलापुरात मार्च लागला की वर्गात पंख्याखालच्या बाकावरून भांडणं सुरू होतात. गेल्या वर्षी माझ्या नववीतली एक मुलगी मात्र पंखा सोडून कोपऱ्यात जाऊन बसली, तीही अंगात स्वेटर घालून. विचारलं तर म्हणाली, "बाई, मला थंडी वाजते." वही दाखवायला हात पुढे केला तेव्हा मनगटावर बारीक, मऊ लव दिसली, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. मी विज्ञान शिकवते, तरी मला काही कळलं नाही. रक्त कमी असेल म्हणून खजूर खा, एवढंच सांगितलं.

(तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

तिच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी रोज मैत्रिणींत संपायची. आम्ही तिला दिलदार म्हणायचो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, सगळे उपास करायची. आई नंतर रडत म्हणाली, "पोरगी देवाधर्माची निघाली म्हणून कौतुकच वाटायचं हो बाई." आपल्याकडे उपासाला कोण अडवणार? पण चौदा वर्षांची मुलगी खिचडीलाही हात लावत नाही आणि उपास सोडायच्या दिवशीही जेवत नाही, तेव्हा ते उपासाचं नाव पुढे करून चाललेलं दुसरंच काहीतरी असतं. हे आम्ही ओळखायला हवं होतं.

प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली, पाळी चार महिने आलेली नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी अ‍ॅनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या मानसिक आजाराचं, निदान केलं. ती थंडी, ती लव, दोन्ही उपासमारीचीच लक्षणं होती. वडिलांना पटेना. "नाटकं आहेत, दोन ठेवून दिल्या की खाईल," म्हणाले. तेव्हा मी त्यांना तिच्या वहीची मागची पानं दाखवली. गुळाची पोळी, धपाटे, शेंगापोळी, सगळ्यांच्या कृती प्रमाणासकट, सुंदर अक्षरात. जी खात नव्हती ती दिवसभर खाण्याचाच विचार करत होती. अमेरिकेत मिनेसोटाला 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. तेही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले होते. उपासमार मेंदूचीही होते. हट्ट वाटतो त्यात भुकेल्या मेंदूचाही वाटा असतो. वडील ती पानं बराच वेळ उलटत राहिले. मारायची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही.

उपचार डॉक्टर करतात, जेवू घालायचं काम घरच्यांचं. मग शाळेने काय करायचं? आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. पीटीचा तास बंद. अकराच्या सुमाराला वर्ग चालू असतानाही तिने डबा उघडला तर कुणी विचारायचं नाही. मधल्या सुट्टीत ती आणि तिची मैत्रीण माझ्यासोबत प्रयोगशाळेत जेवतात. मी घास मोजत नाही, "अजून एक खा" म्हणत नाही. मी माझी भाकरी खाते, आणि आम्ही मालिकांबद्दल, तिच्या मावशीच्या लग्नाबद्दल बोलतो. डबा तसाच राहिला तर संध्याकाळी आईला फोन करते. हे तिला माहीत आहे, चोरून काही नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं आवरणं. दिवाळीनंतर एक शिक्षिका मनापासून म्हणाल्या, "अगं, तब्येत सुधारली की तुझी!" त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. पुढचे तीन दिवसही नाही. आपल्या भाषेत तब्येत सुधारणं म्हणजे अंगाने भरणं, आणि तिने नेमकं तेच ऐकलं. आता स्टाफरूममध्ये ठरलंय: कुणाच्याच शरीरावर बोलायचं नाही, चांगलंही नाही.

हे मी का लिहितेय, तर नववीच्या जुलैत आरोग्य तपासणी झाली तेव्हा वजनं मीच वाचून दाखवली होती. काट्याशेजारी एक जण, वहीपाशी मी, आणि मध्ये चाळीस मुलं. तिचा आकडा ऐकून मागून कुणीतरी हसलं. एवढ्या एका गोष्टीने हा आजार होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण तिला तो आकडा तारखेसकट पाठ आहे.

ती आता दहावीत आहे. अजून उपचार चालू आहेत. काही आठवडे बरे जातात, काही नाही.

यंदाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. काटा प्रयोगशाळेत ठेवणार आहोत, दार लोटून. एकेकाला आत बोलवायचं, आकडा मोठ्याने न बोलता वहीत लिहायचा. तिचं वजन डॉक्टरांकडेच घेतलं जातं, त्यामुळे तिला बोलावणारच नाही.