हँडल गिअर काढला, मग ही पद्मिनी कसली?

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत मी दुसरा गिअरबॉक्स बसवलाय. पेट्रोल पंपावर कुणी खिडकीतून डोकावलं की त्याची नजर आधी स्टीअरिंगखाली जाते. तिथे गिअरचा दांडा, म्हणजे हँडल गिअर, नसतो. मग सलग सीटच्या पुढ्यात उभा असलेला गिअर दिसतो आणि प्रश्न येतोच: "काका, हँडल गिअर काढलात? मग ही पद्मिनी कसली?" सोसायटीत, नातेवाइकांत, जुन्या गाड्यांच्या माणसांत, सगळीकडे हेच विचारतात. विचारणाऱ्याला खरंच वाईट वाटलेलं असतं, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

गाडी १९७८ची. बाबांनी ती सेकंडहँड घेतली आणि आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरासमोर आणून लावली तेव्हा मी शाळेत होतो. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली, म्हणजे जन्मल्यापासून वीसेक किलोमीटरच्या आतच राहिली. मूळची फियाट ११०० डी, १९७४पासून नाव पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. गिअर चार, त्यातल्या पहिल्याला सिंक्रो, म्हणजे फिरते दाते जुळवून घेणारी रिंग, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय किंवा डबल क्लच मारल्याशिवाय (मध्ये न्यूट्रलवर आणून क्लच दोनदा दाबल्याशिवाय) फर्स्ट टाकला की असा खरखराट व्हायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. चौथा गिअर एकास एक, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरणार.

हे सगळं चालवून घेतलं असतं. बाबांनी कसारा घाट याच बॉक्सवर कितीतरी वेळा चढवला. पण पुढे उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की सेकंड निसटायला लागला. बॉक्स दोनदा खोलला. मिळाले ते गिअर, सिंक्रोच्या रिंगा, बेअरिंगं सगळं घातलं. दोन्ही वेळा वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. बाजारात जे सुटे गिअर मिळत होते त्यांचे दाते हाताला खडबडीत लागायचे. शेवटी बहिणीकडे नाशिकला जायचं तर घरचे म्हणायला लागले, बसनं जाऊ. गाडी कव्हरखाली गेली. उभ्या गाडीचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: ब्रेकचे सिलिंडर धरतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा होतो, टायर एका जागी चपटतात. बाबांची गाडी दर महिन्याला थोडी थोडी मरताना बघणं मला जमेना. बॉक्स बदलण्याचं कारण एवढंच.

इंजिनही बदला, असं सांगणारे पुष्कळ भेटले. ते मी केलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा मुद्दा आहेच, नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही आणि इंजिन नंबर तर आरसीवरच असतो. पण त्याहून मोठं कारण आवाजाचं. सकाळी चोक ओढून चालू केल्यावर ती ज्या आवाजात जागी होते तो आवाज गेला असता तर माझ्यासाठी पद्मिनी संपली असती. आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो, तरी मी काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेतलं. तुम्हीही विचारा.

बॉक्स घेतला मारुतीच्या जिप्सी किंग या जीपचा. पाच गिअर, पुढचे सगळे सिंक्रोचे, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, बॉक्सला चिकटलेला नसून मागे वेगळा असतो. त्यामुळे नुसता बॉक्स सुटा मिळतो आणि त्याच्या मागच्या फ्लँजला आपला शाफ्ट जोडता येतो. फियाटच्या इंजिनाला मात्र तो सरळ बसत नाही. मध्ये प्लेट लागते. क्लच प्लेटही मिश्र करावी लागते: बाहेरची चकती फियाटच्या फ्लायव्हीलच्या मापाची, मधला दातेरी हब जिप्सीच्या शाफ्टचा, आणि दोन्ही रिबिटांनी एकत्र.

माझी खरी परीक्षा त्या मधल्या प्लेटनं घेतली. पहिल्या कारागिरानं जुनं गॅस्केट पत्र्यावर ठेवून भोकं आखली आणि पाडली. बोल्ट छान बसले. गाडी चालली, पण क्लच सोडताना अंगात कापरं भरल्यासारखी थरथरायची. चारशे किलोमीटरही झाले नसतील, पायलट बेअरिंग, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाकडे धरणारं बेअरिंग, ओरडायला लागलं. बॉक्स उतरवला तर बेअरिंगचा भुगा.

वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर टर्नरकडे मग प्लेट घेऊन गेलो. त्यांनी प्लेट हातातही घेतली नाही. म्हणाले, "गाडी आणा." आले, बॉक्स बाजूला ठेवला, नुसती प्लेट इंजिनावर कसली, फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं माप) चिकटवला, त्याचं टोक प्लेटच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि म्हणाले, आता हातानं हळू फिरवा. मी पान्यानं क्रँक फिरवू लागलो. काटा सरकत गेला, अर्ध्या फेऱ्यात पुढे, अर्ध्यात मागे. प्लेटचं केंद्र इंजिनाच्या केंद्रापासून पाव मिलिमीटर बाजूला होतं. चालतं किती, तर त्याच्या जेमतेम निम्मं. डोळ्यांना न दिसणारी ही चूक शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात सोसत होता. त्यांनी नवी प्लेट केली, आधी केंद्र पकडून, मग जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिनांची भोकं, बोल्टांची सगळ्यात शेवटी. तीन दिवस लागले. त्यानंतर क्लच लोण्यासारखा झाला. तुम्ही हे काम करणार असाल तर पैसे कुठेही वाचवा, इथे वाचवू नका, आणि डायल गेज न लावणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

प्रोपेलर शाफ्टचा पुढचा तुकडा नव्या मापाचा करून बॅलन्स करून घेतला. स्पीडोमीटरचं मात्र आधी लक्षातच आलं नव्हतं. जिप्सीत त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते आणि तो तर आपण घेतलेलाच नाही. कित्येक महिने काटा शून्यावर होता. आता जीपीएसवर चालणारी एक छोटी डबी जुनीच केबल फिरवते.

आता चालते कशी? पाचव्यात इंजिनाचे फेरे त्याच वेगाला वीसेक टक्क्यांनी उतरतात. भिवंडी बायपास मागे पडल्यावर ऐंशीच्या वेगात आम्ही एकमेकांशी साध्या आवाजात बोलतो, हे आधी कधी झालं नव्हतं. पण घाटात पाचवा विसरा, चाळीस घोड्यांना तो पेलवत नाही. आणि जिप्सीचा सेकंड फियाटच्या सेकंडपेक्षा लांब आहे. कसाऱ्याला ट्रकमागे अडकलं की जुना सेकंड जसा ओढायचा तसा हा ओढत नाही, फर्स्टवर यावं लागतं. तो चालत्या गाडीत न कुरकुरता पडतो म्हणून निभतं. पुढच्या सीटवर मध्ये तिसरं माणूस आता बसत नाही, आणि बाबा कधी चालवायला बसले की त्यांचा डावा हात आधी स्टीअरिंगखालीच जातो.

तुमचा जुना बॉक्स धड असेल, गिअर निसटत नसतील, तर माझं ऐकून तो काढू नका. चांगल्या स्थितीतला हँडल गिअर हल्ली फार थोड्या गाड्यांत उरलाय.

आणि ही पद्मिनी राहिली का? मी तरी तशीच धरतो. बॉक्सचा नवा आधार चासीच्या जुन्याच भोकांत बोल्टनं कसलाय, वेल्डिंग कुठे केलं नाही. कापावा लागला तो फक्त गिअरच्या दांड्यासाठी टनेलचा, म्हणजे गाडीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याचा, तळहाताएवढा पत्रा. तो तुकडा रेड ऑक्साइड लावून जुन्या बॉक्ससोबत गोणपाटात बांधून ठेवलाय. हँडल गिअरचे रॉडही त्यातच आहेत, कुठला कुठे लागतो ते बाबांनी प्रत्येकाला चिठ्ठी बांधून लिहिलंय.