तुम्ही विचारलंत म्हणून : वक्ते कोण होते?

पुण्यातल्या दुसऱ्या चर्चची माणसं भेटली की हमखास विचारतात, "लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) तुमच्याकडे ती दिवसभराची पश्चात्तापाची प्रार्थना होते, तिला वक्ते कुठून आणता?" पिंपरीच्या एका पाळकसाहेबांनी तर फोन करतानाच डायरी उघडून ठेवली होती, नाव आणि नंबर लिहून घ्यायला.

वक्ते आम्ही आणत नाही. पहिल्या वर्षी आणले होते. फार छान बोलले, आणि घरी जाताना सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते.

मग बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडून बसलो. सातव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी इस्राएल लोक उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यात धूळ घालून जमले. पाव दिवस नियमशास्त्राचं वाचन, पाव दिवस कबुली आणि आराधना. बारा तासांचा दिवस धरला तर तीन आणि तीन. आम्ही नऊ ते तीन अशी वेळ ठेवली ती यावरून. खुर्च्या काढून सतरंज्या अंथरतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत थोड्या खुर्च्या राहतात. मधुमेहवाल्यांनी उपास करायचा नाही, हे आदल्या रविवारी स्पष्ट सांगतो. पेटी-तबला त्या दिवशी कपाटात. वाचन सावकाश, आणि प्रत्येक वाचनानंतर दहा मिनिटं शांतता. पहिल्या शांततेत खोकले येतात, कुणीतरी गाणं सुरू करू बघतं, कारण गप्प बसायची सवयच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शांततेपर्यंत सभागृह खरंच शांत होतं.

पण हे सगळं त्या दिवसाचं झालं. खरं काम आधीच्या सहा आठवड्यांत होतं आणि तेच कुणी विचारत नाही. आपल्या जवळचं केडगाव घ्या. तिथल्या मुक्ती मिशनमधलं, पंडिता रमाबाईंच्या आश्रमातलं, 1905 च्या जूनमधलं संजीवन (आध्यात्मिक जागृती) सगळ्यांना ठाऊक असतं, मुली रडत रडत पापं कबूल करत होत्या ते. पण रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना जमवायला सुरुवात केली ती जानेवारीत. मधले महिने गोष्ट सांगताना गळून जातात.

आमच्याकडे पहिले दोन आठवडे फक्त पाळकसाहेब आणि कमिटी बसते. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, याजकांना वेदी आणि देवडी यांच्यामध्ये रडायला सांगितलंय. पुढच्यांचे डोळे कोरडे असताना मागच्यांना रडायला सांगणं मला पटत नाही. त्या बसण्यातूनच कबुलीची प्रार्थना लिहिली जाते, आणि ती आमच्या मंडळीची असावी लागते. गेल्या वेळी तिच्यात एक वाक्य होतं: "प्रभू, आम्ही एका प्याल्यातून पितो आणि मुलीचं स्थळ बघताना मूळची जात विचारतो." प्याला म्हणजे प्रभुभोजनातला. त्या वाक्यावर कमिटीत दोन बैठका गेल्या. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मी कधी विचारली नाही, मी हे का म्हणू?" नहेम्या शूशनच्या राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता, यरुशलेमेपासून शेकडो मैल दूर. तरी आपल्या लोकांची पापं कबूल करताना तो म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानं पाप केलं. "त्यांनी" म्हटलं की ती तक्रार होते. "आम्ही" म्हणायला जीभ जड होते, आणि एवढं एक सर्वनाम उच्चारता यावं म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. त्या सभासदांनी शेवटी ते वाक्य स्वतः वाचायला मागून घेतलं.

उरलेले चार आठवडे घरोघर जायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाप्रमाणे, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे. माझं स्वतःचं सांगते. कापणीच्या सणाच्या लिलावाचा हिशेब जुळेना, तेव्हा मी महिला मंडळात एका बाईंवर चारचौघींत बोट ठेवलं होतं. पुढे हरवलेली पावती माझ्याच जुन्या पर्समध्ये सापडली आणि मी ती फाडून टाकली. चार वर्षं आम्ही एकमेकींना सलाम केला नाही. प्रार्थनेच्या दोन दिवस आधी मी खडकीला त्यांच्या घरी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी पावतीचं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो. उठताना म्हणाल्या, "हे मंडळातही सांगाल ना?" बरोबर होतं त्यांचं. आरोप मंडळात झाला होता, कबुलीही तिथंच व्हायला हवी होती. पुढच्या बैठकीत सांगितलं.

तोच आमचा नियम आहे: पाप जेवढ्यांना ठाऊक, कबुली तेवढ्यांपुढेच. माइक कुणाच्या हाती देत नाही. याकोबाच्या पत्रातलं "एकमेकांजवळ कबूल करा" हे वचन दाखवून लोक घरातलं झाकलेलं भर सभेत उघडतात आणि बायका-मुलं मान खाली घालून बसतात, हे मी इतरत्र पाहिलंय. प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याचं पाप देवाला ऐकवणं तर अजिबात चालू देत नाही. पैसे खाल्ले असतील तर रडून भागत नाही. जकातदार जक्कयानं येशूपुढे चौपट परत द्यायची तयारी दाखवली. मारहाण झालेल्या बाईला "आज क्षमा करून टाका" असं कुणी म्हणायचं नाही, हे स्वयंसेवकांना आधीच बजावतो. तिथं प्रार्थनेनं काही झाकायचं नसतं, तिला मदत मिळवून द्यायची असते.

तीन वाजता आशीर्वाद होतो, बाहेर चहा आणि डाळ-भात असतो. काहीजण तरीही आतच बसून राहतात, कोपऱ्यात दोघं-दोघं हळू बोलत. त्यांचं होईपर्यंत आम्ही सतरंज्या गुंडाळत नाही आणि पंखेही बंद करत नाही.